जिन्याचा पहिला खांब

डिचोली

चि. बाबूस,

तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. म्हापशाच्या दुकानातले सहा इंची चौकोनी खांब तुझ्या मनात भरलेत आणि पेडण्याच्या घरातला जुना कातीव खांब बुटका म्हणून काढायचं तू जवळजवळ ठरवलंयस. पैसे देण्याआधी माझं ऐक. सुतारकामात आयुष्य काढलंय म्हणून हक्कानं लिहितो.

पायथ्याचा खांब शोभेसाठी नसतो. कठड्याला बसणारा हिसका शेवटी त्याच्या बुडाशी येतो. हिशेब कर. तीन फुटांवर कुणी तोल जाऊन दहा किलोचा जोर दिला आणि खांब जमिनीत चारच इंच रुतलेला असला, तर बुडाच्या सांध्यावर निदान नऊपट ताण येतो. लाद्यांवर पत्री ठेवून चार स्क्रूंनी उभा केलेला खांब म्हणूनच लवकर डुलू लागतो. दुकानातला माणूस तसाच बसवून देईल. तू मान्य करू नकोस. खांबाच्या पोटातून जाड सळी घाल आणि ती खाली काँक्रीटमध्ये खोल पुरून घे. माडीवरचा खांब तुळईला बोल्टनं आवळ.

आता तुझा जुना खांब. रंगाखाली तो फणसाचा असावा, असं फोटोवरून वाटतं. पांढरट बाहेरचं लाकूड किडा पोखरतो, पण फणसाचा पिवळा गाभा वाळवीला सहज दाद देत नाही आणि वर्षं जातील तसा तांबूस होत जातो. टोच्या घे आणि बुडापासून वीतभर चहूबाजूंनी टोचून बघ. टोक जेमतेम शिरलं, हातोडीनं ठोकल्यावर आवाज भरीव आला, तर तो खांब टाकणं म्हणजे घरचं सोनं मोडणं. भुसा निघाला तर कुजकं बूड कापून टाक. दोन्ही वेळा खाली काळ्या दगडाची बैठक दे. तिनं कमी पडणारी उंची भरून निघेल आणि लाकूड लादीपासून सुटं राहील. लाकडाचं कापलेलं तोंड पाणी सर्वांत जास्त पितं; लादी पुसण्याचं पाणीही त्याला पुरतं. कठडा पायरीच्या कडेपासून नव्वद सेंटिमीटरच्या खाली ठेवू नकोस.

जुना रंग कोरडा घासू नकोस. त्यात शिसं असू शकतं, आणि घरात लहानगी आहे. ओला करून खरवड, तिला त्या दिवसांत आमच्याकडे पाठव. तिच्यासाठीच गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी हवी. मोडलेले दोन गज सावंतवाडीला कातून मिळतील.

नवाच खांब करावा लागला, तर जून सागवान घे. ऐन आपला राज्यवृक्ष, लाकूड दणकट, पण वाळताना चिरा पडतात. कातायला तो मी घेत नाही. कुठलंही लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, तेही आडवं, लांबीत नव्हे. म्हणून कच्चं लाकूड नको आणि सांधे पावसाळ्यात भरू नकोस. दिवाळीनंतर काम धर.

एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुझ्या आजी देवखोलीतून निघून त्या खांबाला धरूनच पहिली पायरी चढतात. त्यांचा हात मी पाहिलाय, बोटं आता पुरी मिटत नाहीत. सहा इंची चौकोनाला त्या नुसता तळवा टेकवतील, पकडणार कुठे? जुन्या खांबाचा माथा मुठीत बसेल इतका आहे, आणि त्याखालची खाच बोटं अडकायला आहे. ज्यानं तो कातला, त्यानं हे ओळखून केलंय. दुकानातलाच घ्यायचा झाला, तर आधी त्यांना दुकानात ने आणि त्यांच्या हातात देऊन बघ.

ऑर्डर थांबव. चवथीला येईन तेव्हा टोच्या घेऊन येतो. तोवर पायरीची उंची आणि जमिनीपासून तुळईपर्यंतचं माप कागदावर लिहून ठेव. ताईला आशीर्वाद सांग.

तुझा मामा