शिशूंमधील दूध-ॲलर्जी : श्वसनाची लक्षणे आणि आरोग्यधोरण

तंजावरचे मराठा राजे सरफोजी (दुसरे) यांच्या कारकिर्दीत (१७९८-१८३२) तेथील धन्वंतरी महालात औषधे सिद्ध केली जात आणि उपचारांचे अनुभव नोंदवले जात. नेत्ररुग्णांच्या तर सचित्र नोंदी ठेवल्या गेल्या. आधी नोंद, मग निष्कर्ष हा क्रम शिशूंमधील दूध-ॲलर्जीच्या निदानात आजही निर्णायक ठरतो.

स्वरूप : गाईच्या दुधातील केसिन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन यांसारख्या प्रथिनांना प्रतिकारयंत्रणेने दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया म्हणजे दूध-ॲलर्जी होय. दुग्धशर्करा न पचण्याचा विकार याहून भिन्न असून त्यात प्रतिकारयंत्रणेचा संबंध नसतो. म्हशीच्या व शेळीच्या दुधातील प्रथिने बरीचशी सारखीच असल्याने ही दुधे सुरक्षित पर्याय ठरत नाहीत.

श्वसनाची लक्षणे : तत्काळ प्रकारात दूध पाजल्यापासून काही मिनिटे ते सुमारे दोन तासांत शिंका, नाक वाहणे, खोकला किंवा छातीत घरघर सुरू होते. बहुधा सोबत अंगावर गांधी, ओठांवर सूज किंवा उलटी आढळते. केवळ सर्दी-खोकला हे या ॲलर्जीचे एकमेव लक्षण क्वचितच असते. श्वास घेताना कर्कश आवाज, निळसर ओठ किंवा मरगळ दिसल्यास विलंब न करता १०८ रुग्णवाहिका बोलवावी. दर मिनिटास श्वास दोन महिन्यांखालील बालकात ६० वा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बालकात ५० वा अधिक असल्यास न्यूमोनियाची शक्यता तपासणे आवश्यक ठरते.

निदान आणि धोरण : येथे चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. ॲलर्जी ओळखली न गेल्यास जीव धोक्यात येतो. घाईने शिक्का मारल्यास स्तनपान तुटते आणि गरीब कुटुंबावर महागड्या पावडरीचा भार पडतो. म्हणून वैद्यकीय सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध वर्ज्य करून, नंतर देखरेखीखाली पुन्हा देऊन खात्री केली जाते. स्तनपानावरील शिशूला त्रास होत असल्यास मातेने आपल्या आहारातील दुग्धपदार्थ टाळावेत. स्तनपान थांबवू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालके निव्वळ स्तनपानावर होती. पालक व उत्पादक यांच्याकडील माहिती विषम असते. म्हणूनच १९९२ च्या शिशु-दुग्धपर्याय कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, अशा उत्पादनांची जाहिरात व मोफत नमुने यांवर बंदी घातली. बाजारातील अपयशावर नियमनाने उपाय करण्याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.