यंत्रातील ‘हातचा’

१९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. अकोला-अमरावतीकडील एखाद्या केंद्रावर २३ क्विंटल कापूस ३०४ रुपये दराने आला, असे समजू. दातेरी चाकांच्या हिशेबयंत्रात ३०४ मांडून मूठ तीनदा फिरवावयाची, एक घर सरकवून पुन्हा दोनदा फिरवावयाची. उत्तर ६,९९२ रुपये. गुणाकार म्हणजे पुनःपुन्हा बेरीजच होय. चाक ९ वरून ० वर येताना डावीकडील चाकाला एक घर पुढे ढकलते. शाळेतील ‘हातचा’ तो हाच! संगणकात चाके नाहीत. तेथे २३ हा आकडा १०१११ असा मांडतात. हातचा मात्र तेथेही सुटलेला नाही. काटापट्टीवरील २३ चे ३२ झाले, तर यंत्र ९,७२८ रुपयेही तितक्याच बिनचूकपणे दाखवील. २,७३६ रुपयांची ती तफावत त्याला कळत नाही.