उत्तरभाग आणि भावक : विज्ञानपटाच्या चाहत्याच्या अभिप्रायाचा विचार

१

जबलपूर शहराच्या दक्षिण अंगास, नर्मदेच्या तीरावर, ग्वारीघाट आहे. तेथून पश्चिमेस, भेडाघाटच्या वाटेवर, तेवर नावाचे गाव लागते. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. दहाव्या शतकात युवराजदेव पहिला याच्या आश्रयास राजशेखर काही काळ होता आणि त्याची ‘विद्धशालभञ्जिका’ ही नाटिका त्रिपुरीच्या राजसभेत प्रयोगास आली, असे अभ्यासक मानतात. राजशेखर यायावर कुळातला. आपला पूर्वज अकालजलद याचा गौरव तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून करतो. ग्वारीघाटावरूनच जबलपूर-गोंदिया लोहमार्ग जातो. एके काळचा हा नॅरोगेज मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. गोंदिया जिल्ह्यातील आमगावनजीकचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर होय, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे.

एका प्रसिद्ध कथेचा उत्तरभाग रचणारा नाटककार आणि रसिकांचे प्रकार सांगणारा शास्त्रकार असे दोघे या एकाच मार्गाच्या दोन टोकांशी निगडित आहेत. लोकप्रिय विज्ञानपटाच्या उत्तरभागाविषयी त्याचा चाहता जो अभिप्राय देतो, त्याचे स्वरूप व मोल ठरविण्यास या दोघांचा आधार घेता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

चाहत्याचा अभिप्राय समीक्षेत सहसा जमेस धरला जात नाही. तो पक्षपाती असतो, आणि नव्या कृतीकडे नवी म्हणून न पाहता जुनीच्या मापाने तिला मोजतो, असे दोन आक्षेप त्यावर घेतले जातात. दोन्ही आक्षेप खरे आहेत. परंतु उत्तरभागाच्या बाबतीत दुसरा आक्षेप हा दोष ठरत नाही. जी कृती पूर्वकृतीच्या स्मरणावर उभी राहते, ती त्या स्मरणाच्या कसोटीस उतरण्याचे टाळू शकत नाही. सेर्व्हांटिसच्या ‘डॉन किहोटे’चा पहिला भाग १६०५ मध्ये निघाला. सांचोच्या गाढवाविषयीची त्यातील विसंगती वाचकांनी हेरली, आणि १६१५ च्या दुसऱ्या भागात पात्रांच्याच मुखी त्या तक्रारीची चर्चा आली. वाचकाची स्मृती येथे उत्तरभागाच्या घडणीतच शिरली आहे.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन प्रकार केले आणि आस्वाद घेणाऱ्यालाही प्रतिभावंताच्या पंक्तीस बसविले. भावकांचे त्याने चार वर्ग सांगितले. ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी. धान्याबरोबर गवतही गिळावे तसे भलेबुरे सारे स्वीकारणारा तो सतृणाभ्यवहारी. गुण दिसूनही मत्सरापोटी ते मान्य न करणारा तो मत्सरी. कृतीच्या तत्त्वाशी भिडणारा तो तत्त्वाभिनिवेशी. असा भावक हजारांत एखादाच आढळतो.

चाहता म्हणजे सतृणाभ्यवहारी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चित्रगृहातील टाळ्या पाहता ती निराधारही म्हणता येत नाही. मात्र उत्तरभाग आला की या भोळ्या भावकाची भूमिका पालटते. जो पहिल्या भागाच्या वेळी सर्व काही गोड मानून घेत होता तोच दुसऱ्या भागाच्या वेळी हिशेब मागू लागतो. हा पालट कशाने होतो?

३

विज्ञानकथेपुरते याचे उत्तर त्या प्रकाराच्या घडणीत सापडते. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये घेतलेल्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली आणि ती पारितोषिकपात्र ठरली. त्यानंतरच्या दशकांत विज्ञानकथेविषयी मराठीत जी चर्चा झाली, तीत एक निकष वारंवार मांडला गेला : विज्ञान काढून घेतल्यास जी कथा कोसळते, तीच विज्ञानकथा. याचा अर्थ असा की, लेखक एक कल्पित नियम घालून देतो आणि कथा त्या नियमाने बांधली जाते. वाचक तो नियम एकदा विनातक्रार स्वीकारतो. पण स्वीकारल्यावर तो पाळला जावा, असा त्याचा आग्रह असतो. पहिल्या भागातील हा करार दुसऱ्या भागात वसुलीस येतो.

राकेश रोशन दिग्दर्शित ‘कोई... मिल गया’ (२००३), ‘क्रिश’ (२००६) व ‘क्रिश ३’ (२०१३) ही हिंदी चित्रत्रयी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहिला चित्रपट पाहिला तेव्हा आठ वर्षांचा असलेला प्रेक्षक तिसऱ्याच्या वेळी अठरा वर्षांचा झाला होता. एकाच भावकाचे वाढणे या त्रयीने अनुभवले. पहिल्या चित्रपटाचा नियम स्पष्ट आहे. परग्रहावरून आलेल्या ‘जादू’चे सामर्थ्य सूर्यप्रकाशावर अवलंबून आहे, आभाळ झाकोळले की ते थांबते. बुद्धीची वाढ खुंटलेल्या रोहितला त्याच्याकडून शक्तीचे दान मिळते. दुसऱ्या चित्रपटात हीच शक्ती रोहितचा मुलगा कृष्णा याच्या ठायी जन्मतःच आहे, आणि तिला उन्हाची अट उरलेली नाही.

येथे चाहत्याच्या दोन तक्रारी संभवतात. पहिली अशी की, ‘जादू’ हे पात्र या कथेत वावरत नाही. दुसरी अशी की, रोहितला बाहेरून मिळालेले दान मुलाकडे वारशाने कसे गेले आणि उन्हाची अट कोठे गेली, याचे समाधान चित्रपट करीत नाही. आयुष्यात संपादन केलेले शारीरिक गुण संततीस वारशाने मिळत नाहीत, हे शालेय जीवशास्त्रही शिकविते. ते दान बीजपेशींपर्यंत पोचले, एवढा एखादा कल्पित दुवा दिला असता तरी काम भागले असते. वरवर पाहता दोन्ही तक्रारी सारख्याच जिव्हाळ्यातून येतात. परंतु त्यांचे मोल सारखे नाही. पहिली तक्रार सवयीची आहे, दुसरी नियमाची.

४

सवय आणि नियम यांतील भेद ग्वारीघाटावर येणाऱ्या परिक्रमावासीच्या दृष्टांताने स्पष्ट होईल. त्याच्या मुक्कामाची गावे, सोबती, ऋतू सारे बदलत जाते. तरी परिक्रमा मोडत नाही. नर्मदा उजव्या हातास ठेवणे आणि तिचे पात्र मध्येच न ओलांडणे, या मर्यादा मात्र सुटल्या तर परिक्रमा राहत नाही. उत्तरभागाने मुक्काम हवे तितके बदलावेत. पात्र ओलांडू नये.

भवभूतीने नेमके हेच केले. ‘महावीरचरिता’त रामाची कथा राज्याभिषेकापर्यंत आणल्यावर त्याने ‘उत्तररामचरिता’त पुढची कथा घेतली. पहिल्याच अंकातील चित्रदर्शनाच्या प्रसंगात राम, सीता व लक्ष्मण स्वतःचेच पूर्वचरित चित्रांतून पाहतात, आणि प्रेक्षकांच्या स्मृतीलाही त्याच वेळी जाग येते. शेवटी मात्र वाल्मीकींची सीता भूमीत जाते, तर भवभूतीची सीता रामास पुन्हा भेटते. श्रोत्यांची सवय त्याने निःशंकपणे मोडली. परित्यागाचे दुःख मात्र त्याने कोठेही हलके केले नाही. करुणाचा जो नियम कथेने घातला होता तो शेवटपर्यंत पाळला. रसिकांनी तो बदल मान्य केला, याचे कारण येथे आहे.

आनंदवर्धनाने पूर्वसूरींशी असलेल्या साम्याचे तीन प्रकार सांगितले : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि तुल्यदेही, म्हणजे दोन व्यक्तींच्या चेहऱ्यांत असावे तसे. पहिली दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य. कारण चेहरे मिळतेजुळते असले तरी प्रत्येकाचा आत्मा स्वतंत्र असतो. शंकर दिग्दर्शित ‘एन्दिरन’ (२०१०) आणि ‘२.०’ (२०१८) या तमिळ चित्रपटांना ही कसोटी लावता येते. पहिल्यात यंत्रमानव चिट्टीला भावना दिल्या जातात आणि भावनेसह मत्सर व विनाशही त्याच्या वाट्यास येतो. दुसऱ्यात मोडून ठेवलेला चिट्टी पुन्हा जोडला जातो. भ्रमणध्वनीच्या लहरींमुळे पक्षी मरतात म्हणून सूड घेणारा पक्षिमित्र त्याच्यासमोर उभा आहे, आणि असंख्य फोनांचा एक महाकाय पक्षी पडद्यावर साकारतो. हे दृश्य नेत्रदीपक आहेच. परंतु भावना असलेले यंत्र माणसाचे कोण लागते, हा पहिल्या कथेचा प्रश्न येथे पुढे सरकत नाही. चेहरा ओळखीचा आहे; आत्म्याची जागा देखाव्याने घेतली आहे. चाहता बाहेर पडताना ‘पहिल्याची सर नाही’ एवढेच म्हणतो. त्या तीन शब्दांत पुष्कळदा हेच निदान असते, फक्त ते उलगडलेले नसते.

उलट ‘क्रिश ३’ मध्ये, अनेक शिथिल दुवे असूनही, एका ठिकाणी जुना नियम परत येतो. सूर्याच्या ऊर्जेने मृत पेशी जिवंत करण्याचा रोहितचा प्रयोग अखेर मुलाला जीवदान देतो. अतिरिक्त ऊर्जा स्वतःच्या देहावर झेलून पिता मरण पत्करतो. जे ऊन ‘जादू’चे बळ होते, तेच येथे पित्याच्या दानाचे साधन होते. ‘जादू’ पडद्यावर नसूनही तो कथेत परतला आहे. सवय दुखावून नियम राखण्याचे हे उदाहरण होय.

५

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. चाहत्याचा अभिप्राय अप्रमाण मानणे योग्य नाही. पूर्वकृतीचे इतके तपशीलवार स्मरण व्यावसायिक समीक्षकाजवळही क्वचितच असते. तथापि तो जसाच्या तसा प्रमाण मानणेही योग्य नाही. कारण सवयीच्या दुःखाला तो नियमभंगाचे नाव देतो आणि आवडत्या नटाच्या दर्शनाने झालेल्या आनंदाला नियमपालनाचे. ‘मला हे का खटकले?’ असा प्रश्न तो स्वतःस विचारतो आणि उत्तर कृतीच्या नियमात शोधतो, त्या क्षणी तो सतृणाभ्यवहारी राहत नाही. तत्त्वाभिनिवेशी होऊ लागतो. राजशेखराने हा वर्ग विरळ मानला. पण तो जन्मजातच असतो असे समजण्याचे कारण नाही. एखाद्या कृतीवर मनापासून प्रेम करून तिच्या उत्तरभागाने निराश होणे, हीही त्या वर्गात जाण्याची एक वाट आहे.