बाळ ठणठणीत असताना आशाताई घरी का येते?

प्रश्न : सुनेचं बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात नीट झालं. बाळ ठणठणीत आहे, तरी गावातली आशाताई वजनकाटा घेऊन सारखी येते. सव्वा महिना आम्ही बाहेरच्या कुणाला बाळंतिणीच्या खोलीत घेत नाही. तिला येऊ नको म्हटलं तर चालेल का?

उत्तर : कृपा करून म्हणू नका. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे दिवसही नाजूक असतात. म्हणूनच ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येते. हात धुऊन बाळाला झोळीत तोलते, काखेत थर्मामीटर लावते आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. दोनदा मोजूनही श्वास ६० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जात असेल, बाळ अंगावर प्यायचं थांबलं किंवा गार पडलं, तर लगेच दवाखाना गाठायचा. आजारी तान्हं बाळ रडेलच असं नाही. ते मलूल पडतं आणि घरच्यांना वाटतं, शांत झोपलंय.

ही पद्धत आपल्या गडचिरोलीतली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना हे शिकवलं. ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ते निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

सव्वा महिना गर्दी टाळता, ते योग्यच. आशाताईला मात्र सुनेशी थोडं एकटीनं बोलू द्या. अंगावरून जास्त जातंय, हे सासूसमोर सांगायला मुली लाजतात.