गीतसंग्रहाचे स्थलांतर



आपणांपैकी पुष्कळांच्या घरी संगणकात गीतांचा लहानमोठा संग्रह असतो. त्यात दोन प्रकारची गीते आढळतात. एक, बाजारात मिळणाऱ्या तबकड्यांवरून उतरविलेली; दुसरी, आपल्या माणसांची. मंडळीच्या गायनवृंदाने नाताळात गायिलेली गीते, आजोबांनी पेटीवर म्हटलेली कै. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची भजने, ही या दुसऱ्या प्रकारची होत. पहिली हरवली तर पुन्हा मिळतील. दुसरी जगात अन्यत्र कोठेही नाहीत, आणि संगणकातील चकती तर कधी ना कधी बंद पडावयाचीच. यास्तव असा संग्रह फोनमध्ये कसा न्यावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

संग्रह म्हणजे केवळ ध्वनी नव्हे. ध्वनी, नाव आणि क्रम या तिन्ही गोष्टी मिळून संग्रह होतो. त्या तिन्ही सुखरूप पोहोचल्या तरच काम पुरे झाले असे समजावे.

प्रथम ध्वनीचा विचार करू. तबकडीवर ध्वनीची नोंद दर सेकंदास ४४,१०० वेळा होते. प्रत्येक नोंदीस दोन बाइट लागतात आणि डावी व उजवी अशा दोन वाहिन्या असतात. गुणाकार केला असता सेकंदास १,७६,४०० बाइट होतात. म्हणजे पाच मिनिटांच्या एका गीतास सुमारे ५ कोटी ३० लक्ष बाइट हवेत. एमपी-थ्री या पद्धतीत हा भार पुष्कळ हलका होतो. मृदंगाच्या थापेसरशी वीणेचा मंद स्वर आपल्या कानास ऐकू येत नाही. असे झाकले जाणारे स्वर ती पद्धत वगळते. सेकंदास २५६ किलोबिट हे प्रमाण धरल्यास तेच गीत ९६ लक्ष बाइटांत मावते, व अशी एक हजार गीते दहा गिगाबाइटांच्या आत बसतात. परंतु जे एकदा वगळले ते परत येत नाही. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण फ्लॅकसारख्या, काहीही न वगळणाऱ्या पद्धतीत संगणकात राखावे आणि फोनसाठी त्याची एमपी-थ्री प्रत काढावी. एमपी-थ्रीचे पुन्हा दुसऱ्या तशाच पद्धतीत रूपांतर करू नये. प्रत्येक वेळी काही तरी गळतेच.

आता नाव. गीताचे शीर्षक, गायक व वर्ष ही माहिती फाइलच्या पोटातच लिहिलेली असते. तिला टॅग म्हणतात. १९९६ साली निघालेल्या पहिल्या टॅगपद्धतीत फाइलच्या शेवटी अवघे १२८ बाइट राखून ठेवीत व त्यांतील ३० शीर्षकाच्या वाट्यास येत. रोमन लिपीच्या एका अक्षरास एक बाइट पुरतो; परंतु यूटीएफ-८ या प्रचलित मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास व मात्रेस तीन लागतात. जुन्या टॅगांतील मराठी नावे अर्धवट तुटतात किंवा त्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते, याचे कारण बहुधा हेच. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ही अडचण दूर झाली. तेव्हा स्थलांतरापूर्वी टॅग दुरुस्त करणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने सर्व नावे युनिकोडमध्ये, दुसऱ्या आवृत्तीच्या टॅगांत लिहून घ्यावी. फोनवर एकेक नाव सुधारीत बसण्यापेक्षा हे श्रम थोडे आहेत.

तिसरी गोष्ट क्रम. आपण जुळविलेली गीतांची यादी ही स्वतः गीते बाळगीत नाही. कोणते गीत कोठे ठेवले आहे, एवढा पत्ताच तिच्यात असतो. संगणकातील ‘डी’ चकतीचा पत्ता फोनमध्ये निरर्थक ठरतो, आणि यादी रिकामी दिसते. यावर उपाय असा की, सर्व गीते एका फोल्डरात ठेवून यादीही तेथेच ठेवावी, व पत्त्यात चकतीचे नाव न लिहिता केवळ पुढील मार्ग लिहावा. विंडोज संगणक मार्गात उलटी तिरपी रेघ वापरतो, अँड्रॉइड सुलटी. ही रेघही बदलून घ्यावी.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष कृती सोपी आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने विंडोज संगणकास जोडावा. आरंभी तो बहुधा केवळ वीज घेतो. पडद्यावरील सूचनेस स्पर्श करून ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडावा. मग फोनमधील ‘म्युझिक’ या फोल्डरात सर्व संग्रह उतरवावा. आयफोनची रीत निराळी आहे. मॅकवर फाइंडर, व विंडोजवर ॲपल डिव्हायसेस किंवा आयट्यून्स यांच्या द्वारे दोन्हीकडील संग्रहांचा मेळ घालावा लागतो. दुसऱ्याच संगणकाशी मेळ घालू गेल्यास आधीची गीते पुसली जाण्याचा संभव असतो; म्हणून पडद्यावरील सूचना वाचल्यावाचून होकार देऊ नये.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आपण ‘स्थलांतर’ म्हणतो खरे, परंतु करावयाचे ते प्रत काढण्याचे काम. ‘कट’ ही आज्ञा देऊ नये; ‘कॉपी’ द्यावी. वाटेत तार सुटली तर अर्धवट प्रत पुन्हा काढता येते. काम संपल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण बाइट ताडून पाहावे, आणि आरंभीचे, मधले व शेवटचे अशी तीन गीते तरी ऐकावी. तरीही फोन हरवतो, पाण्यात पडतो. सबब तिसरी प्रत एखाद्या वेगळ्या चकतीवर काढून ती दुसऱ्या घरी, नातलगांकडे ठेवावी.

कायद्याचाही विसर पडू नये. भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमान्वये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षे राहतो. विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या उपयोगासाठी फोनवर ऐकणे निराळे, आणि तिच्या प्रती वाटीत सुटणे निराळे. मासिक वर्गणी भरून ऐकलेली गीते तर आपल्या मालकीची नसतातच. वर्गणी थांबली की तीही थांबतात.

पालकांस शेवटी एक विनंती. या सुट्टीत मुलांसह संगणकापुढे बसावे आणि घरच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात कोण गात आहे, पेटी कोण वाजवीत आहे, वर्ष कोणते, हे टॅगात लिहवून घ्यावे. तार जोडण्याचे काम मुले सहज करतील. परंतु तो आवाज कोणाचा, हे केवळ तुम्हांसच ठाऊक आहे. पुढील पिढीस ध्वनी पोहोचला आणि नाव पोहोचले नाही, तर तो आवाज परक्याचा होईल. प्रभूच्या दृष्टांतातील दासांकडे धन्याने ठेव सोपविली व पुढे तिचा हिशेब मागितला. वडिलांच्या कंठातील गीते ही आपणांकडे आलेली तशीच ठेव होय.