क्लॅटचा हट्ट सोडा, बाजारपेठेचा वकील व्हा

बारावीचा निकाल लागला की येवल्यातून, अंदरसूल-नगरसूलकडून तेच प्रश्न यायला लागतात. मुलीला लॉ करायचंय, क्लॅटच्या क्लाससाठी पुण्याला ठेवू का? राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळालं नाही तर वकिलीला काही अर्थ आहे का? कॉर्पोरेट लॉमध्ये सुरुवातीचं पॅकेज किती? आणि शेवटी, आवाज खाली आणून: आपल्या गावात वकील काय कमी आहेत?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कोर्टात उभे राहणारे वकील कमी नाहीत. दुकानदाराचा कागद भांडण होण्याआधी वाचणारा वकील मात्र तालुक्याच्या गावात शोधावा लागतो. माझा सगळा रोख या दुसऱ्या वकिलाकडे आहे.

आधी क्लॅटचं बोलून टाकू. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही प्रवेश परीक्षा वाईट नाही, विद्यापीठं तर उत्तम आहेत. पहिलं १९८७ मध्ये बंगळुरूला सुरू झालं, आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. पण परीक्षा इंग्रजीतून, जागा मोजक्या आणि फी लाखांच्या घरात. शैक्षणिक कर्ज काढून शिकलेल्या मुलाला पास झाल्यावर महानगरातली मोठी फर्मच गाठावी लागते, कारण हप्ता दुसरीकडून सुटत नाही. ज्याला इंग्रजी वाचनाची मनापासून गोडी आहे, त्याने खुशाल जावं. पण शेजारच्याचा मुलगा बसतोय म्हणून एक वर्ष ड्रॉप, मग दुसरं वर्ष ड्रॉप, हा पोराच्या उमेदीशी खेळ आहे. तो थांबवा.

बाकीच्या वाटा तुम्हाला ठाऊकच आहेत, म्हणून धावत सांगतो. सीए आणि सीएस चांगले, पण चिकाटी हवी. न्यायाधीश व्हायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २० मे २०२५ चा निकाल वाचा. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्याने परत आणली. म्हणजे पदवीनंतर थेट जज हे स्वप्न दाखवणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी विचार करा.

आता मुद्द्यावर येतो. येवल्यात नेहमी घडणारा प्रकार घ्या. घरात दोन माग असलेला एक विणकर शहरातल्या शोरूमला सहा पैठण्या उधारीवर देतो. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान: सहा नग, एकूण रक्कम, खाली सही. पैसे कधी द्यायचे, याचा उल्लेख नाही. चार महिने फोन केल्यावर चेक येतो आणि तो वटत नाही. बँकेचा मेमो विणकर डायरीत ठेवतो, कारण शोरूमवाला म्हणतो, 'दिवाळीनंतर बघू.' दिवाळी जाते, आणि मग तो वकिलाकडे येतो.

तोपर्यंत काय हातचं गेलेलं असतं? चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात तक्रार. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चं गणित एवढंच आहे, पण पहिले तीस दिवस गेले की ते चुकतं. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो. नसेल तर त्या चेकवरची फौजदारी वाट बंद. मग उरतो वसुलीचा दिवाणी दावा. त्याची मुदत साधारण तीन वर्षांची, आणि पुरावा काय, तर वहीचं पान.

हाच विणकर सहा महिने आधी जाणत्या माणसाकडे गेला असता तर? त्याने आधी उद्यम नोंदणी करायला सांगितलं असतं. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपुढे ढकलता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर मुदत पंधरा दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. तक्रार थेट याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे नेता येते. तिच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापलेली असली की शोरूमवाल्याची भाषाच बदलते. फक्त नोंदणी व्यवहाराच्या आधी हवी. पैसे अडकल्यावर धावत जाऊन केलेली नोंदणी जुन्या बिलाला आधार देईल, या भरवशावर राहू नका.

यात एक मेख आहे, आणि ती ठाऊक असणारा सल्लागार म्हणजेच मी म्हणतो तो वकील. विणणारा आणि नुसता विकणारा यांना कायदा एका मापाने मोजत नाही. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिराच्या पैशांवरचं हे संरक्षण व्यापाऱ्याला त्यातून मिळत नाही. विणकर आणि दुकानदार एकाच गल्लीत, कधी एकाच घरात असतात. दोघांना एकच सल्ला देणारा माणूस दोघांपैकी एकाला बुडवतो.

काम एवढ्यावर संपत नाही. दोन भावांचं दुकान आहे, भागीदारीपत्र नोटरी करून कपाटात ठेवलंय, पण फर्म निबंधकाकडे नोंदवलेली नाही. अशा फर्मला १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करारावरून गिऱ्हाइकावर दावाच लावता येत नाही. हे बहुतेकांना वकिलाच्या टेबलासमोर पहिल्यांदा कळतं. गाळा भाड्याने दिलाय आणि अकरा महिन्यांचा करार साध्या स्टँपवर उरकलाय. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, हे येवल्यात पोरासोरालाही माहीत. पण विणकराला स्वतःचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळं नोंदवावं लागतं, आणि यंत्रमागावरची साडी पैठणी म्हणून विकणाऱ्याविरुद्ध उभं राहायला ते नाव कामाला येतं. खोट्या मानांकनाला १९९९ च्या त्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. कायदा आहे, विणकर आहे, मधला माणूस नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ती चढावी लागू नये म्हणून फी घेणारा माणूस म्हणजे हा वकील. आणि यात कमीपणा वाटणाऱ्यांना एक आठवण देतो. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्यातल्या धर्मांतराच्या घोषणेमुळे बाबासाहेब आंबेडकरांचं नाव या गावाशी कायमचं जोडलं गेलं. त्याच बाबासाहेबांनी वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत, १९२५ ते १९२८ या काळात, मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. हुंडी, करार, भागीदारी हे विषय त्यांना शिकवायला हलके वाटले नाहीत. तुमच्या मुलाला ते करायला का वाटावेत?

यासाठी माझी शिफारस बारावीनंतर बी.कॉम. आणि मग तीन वर्षांचं एलएल.बी. ही आहे. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉपेक्षा वर्ष एकच जास्त जातं, पण ताळेबंद वाचता येणारा वकील तयार होतो. राज्याची सीईटी द्या. पदवीला खुल्या गटासाठी किमान ४५ टक्के हवेत, आरक्षित गटांना सवलत आहे. नाशिकमध्ये शिकता येतं. बी.कॉम.च्या काळात कर सल्लागाराच्या ऑफिसात बसून जीएसटीचे रिटर्न भरायला शिका. एलएल.बी.च्या काळात दिवाणी काम करणाऱ्या वकिलाकडे नोटिसांचे मसुदे लिहा, मराठीतून आणि इंग्रजीतून. सनद घेताना नोंदणी शुल्क म्हणून खुल्या गटाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३० जुलै २०२४ चा निकाल आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. बस.

कमाईबद्दल गोड बोलणार नाही. पहिली दोन-तीन वर्षं हातात फारसं काही पडत नाही. वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे नाव तोंडातोंडीच पसरतं. शिवाय छोटा व्यापारी सल्ल्याचे पैसे द्यायला कुरकुरतो, तो खटल्याचे देतो. म्हणून एकेका कागदाची फी मागण्यापेक्षा वर्षाची ठरावीक फी घ्या: बिलाचा नमुना, उधारीची तपासणी, करार, नोटिसा, सगळं त्यात. पन्नास दुकानं अशी बांधली गेली तर तालुक्याच्या गावात घर चालतं, आणि पुण्यातलं भाडं वाचतं ते वेगळं.

आता पालकांनो, तुमच्याशी. मुलगा येवल्यात राहिला म्हणजे मागे पडला, हे तुम्ही कोणाकडून शिकलात? लग्नाच्या बाजारात 'मुंबईच्या फर्ममध्ये आहे' हे वाक्य हवं म्हणून पोराला त्याला नको असलेल्या शर्यतीत ढकलू नका. मुलींच्या बाबतीत तर तुम्ही दोन्हीकडून अडवता. क्लॅटला बाहेर पाठवायला भीती वाटते, आणि गावातल्या कोर्टात मुलीने बसावं हेही पटत नाही. मग तिने करायचं काय? कागदाचं काम ऑफिसात बसून होतं, आणि मागावर बसणाऱ्या बाया पुरुष वकिलाला सांगत नाहीत ते हिशेब तुमच्या मुलीला सांगतील.

मुलाला किंवा मुलीला हे काम मानवेल का, ते तपासायला ॲप्टिट्यूड टेस्टवर पैसे घालवू नका. सुट्टीत त्याला ओळखीच्या पाच दुकानांत पाठवा. थकलेल्या उधाऱ्या, परत आलेले चेक आणि गाळ्यांचे करार बघू द्या, प्रत्येकात काय राहून गेलंय ते लिहू द्या. तिसऱ्या दुकानात कंटाळला तर हे क्षेत्र त्याचं नाही, आणि त्यात वाईट काही नाही. पाचव्या दुकानातून प्रश्न घेऊन घरी आला, तर क्लॅटच्या क्लासची फी भरू नका. त्या पैशांत बी.कॉम.चा प्रवेश घ्या.