कोंबडीचे अंग बाहेर येते तेव्हा

खुराड्यातल्या बहुतेक दुखण्यांची थोडीफार पूर्वसूचना मिळते. कोंबडी मलूल होते, तुरा फिकट पडतो, दाण्याकडे पाठ फिरवून ती कोपरा धरते, आणि पाळणाऱ्याला विचार करावयास एखादा दिवस तरी हाती राहतो. अंग बाहेर येण्याचे दुखणे मात्र असा अवधी देत नाही. सकाळी हुशारीने दाणे टिपणारी कोंबडी दुपारी अंडे घालून उठते, ती गुदद्वाराबाहेर एक लालबुंद, ओलसर गोळा लोंबत ठेवूनच. आणि त्यानंतरच्या अर्ध्या-एक तासात पाळणारा काय करतो व काय करीत नाही, यावर तिचे जगणे-मरणे अवलंबून असते. कोकणातल्या आमच्या घरी परसात कोंबड्या बाळगीत असताना या दुखण्याशी माझा एकाहून अधिक वेळा प्रसंग पडला, आणि त्यातून जे पदरी पडले ते ज्यांच्या दारी कोंबड्या आहेत अशांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने येथे नमूद करीत आहे.

हे दुखणे समजण्यासाठी अंडे कसे बाहेर पडते ते आधी जाणले पाहिजे. कोंबडीच्या देहात डाव्या बाजूची अंडनलिकाच काय ती कार्यक्षम असते. अंडाशयातून सुटलेला पिवळा बलक या नलिकेतून पुढे सरकत पांढरा भाग, पापुद्रे आणि अखेरीस कवच धारण करतो. या सर्व प्रवासाला सुमारे २५ तास लागतात, आणि त्यांपैकी २० तासांच्या आसपास एकट्या कवचाच्या घडणीत जातात. विष्ठा आणि अंडे या दोहोंना बाहेर पडावयास द्वार एकच असल्यामुळे निसर्गाने अशी तजवीज केली आहे की, अंडे घालतेवेळी नलिकेचा शेवटचा भाग अस्तर उलटे होऊन क्षणभर बाहेर यावा, अंडे स्वच्छ बाहेर ठेवावे, आणि लगेच आत जावा. म्हणजे अंग बाहेर येणे ही मुळात विकृती नव्हे. ते परत आत न जाणे ही विकृती होय.

ते आत का जात नाही याची कारणे अनेक आहेत. घरातला उरलेला भात आणि मक्याचे दाणे मुबलक खाऊन जी कोंबडी लठ्ठ होते, तिच्या पोटात व गुदद्वाराभोवती चरबी साठून मार्ग आखडतो आणि स्नायू शिथिल होतात. शरीराची वाढ पुरी होण्यापूर्वीच अंड्यावर आलेल्या तलंगेला आपल्या अंगाच्या मानाने मोठे अंडे, क्वचित दोन बलकांचे, घालताना फार जोर करावा लागतो. आहारात चुन्याचा अंश कमी पडला तर कवच तर पातळ होतेच, परंतु ज्या स्नायूंनी अंडे पुढे ढकलावयाचे त्यांचेही बळ सरते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, आणि वर्षाला अडीचशेहून अधिक अंडी देणाऱ्या लेगहॉर्नसारख्या जातीच्या देहातून ते किती निघून जात असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. गावठी कोंबडी थोडी अंडी घालून खुडूक बसते, तिची अंडीही लहान असतात, आणि बहुधा म्हणूनच हे दुखणे तिच्यात क्वचित आढळते.

आमच्याकडची या दुखण्याची पहिली कोंबडी वाचली नाही. तांबूस रंगाची, नुकतीच अंड्यावर आलेली ती तलंग होती. परसात काम करणाऱ्या बाईंनी ‘अंग बाहेर आलंय हो तिचं’ अशी हाक घातली तेव्हा आम्ही धावलो, परंतु तोवर खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्यांनी तिला घेरले होते. लाल आणि चकाकणाऱ्या वस्तूवर चोच मारणे हा कोंबडीचा स्वभावधर्म आहे, त्यात दुष्टावा नाही. पण एकदा रक्त दिसले की सगळा कळप त्या जागेवर तुटून पडतो. नलिकेपाठोपाठ आतडेही ओढून काढले गेले होते. ती दाराशी उभी होती, मान वर करून, अगदी स्तब्ध. आणि आम्ही तिला उचलून ओटीवर आणीपर्यंत तिचा प्राण गेला. अंग बाहेर आल्याने कोंबडी मरते असे सर्रास म्हटले जाते, परंतु त्यातल्या कित्येक वस्तुतः आपल्या सोबतिणींच्या चोचींनी मरतात. म्हणून औषध, पाणी, वैद्य या सर्वांच्या आधी, जागच्या जागी करावयाचे काम एकच: तिला उचलावे आणि इतर कोंबड्यांच्या दृष्टीआड करावे.

त्यानंतर घाई करू नये. कोंबडीला जुन्या, मऊ पंचात गुंडाळून डोके झाकावे. डोळ्यांपुढे अंधार झाला की ती बहुधा शांत होते. एकाने तिला काखेत धरावे आणि दुसऱ्याने हात स्वच्छ धुऊन, नखे कापून, मिळाले तर रबरी हातमोजे चढवून काम करावे. अर्धा लिटर कोमट पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ विरघळवून त्यात तिचा मागचा भाग बुडवावा, किंवा ते पाणी वरून संथपणे सोडावे, म्हणजे चिकटलेली विष्ठा, तूस आणि माती सुटून येते. फडक्याने पुसू नये, चोळू तर मुळीच नये. ते अस्तर इतके नाजूक असते की खरखरीत कापडानेही त्यातून रक्त येते. एवढे झाल्यावर उजेडात नीट पाहावे. रंग गुलाबी किंवा लाल असून पृष्ठभाग ओला आणि अखंड असेल तर आशा बाळगावयास हरकत नाही. तो काळा-जांभळा पडला असेल, त्याला दुर्गंधी येत असेल किंवा तो फाटला असेल, तर घरगुती उपचारांचा तेथे काही उपयोग नाही.

बाहेर राहिलेला भाग थोड्याच वेळात सुजतो, आणि सुजलेला भाग लहान द्वारातून आत जात नाही. बळाने लोटला तर फाटतो. यावर घरातल्या डब्यातच एक इलाज आहे. बारीक दळलेली साखर किंवा शुद्ध मध त्या भागावर जाडसर लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. साखर ऊतींतले पाणी बाहेर खेचते. पाहता पाहता पृष्ठभागावर पाण्याचे थेंब जमतात, ते ओघळू लागतात, ताणलेली चकाकी ओसरते आणि अस्तराला बारीक सुरकुत्या पडतात. मग मिठाच्या कोमट पाण्याने साखर धुऊन टाकावी, साधे व्हॅसलीन लावावे, आणि मधल्या पोकळीवर बोट ठेवून कोंबडीच्या डोक्याच्या दिशेने हलका, सतत दाब द्यावा. ती जोर करील तेव्हा आपण केवळ धरून राहावे. तिने श्वास सोडला, अंग सैल केले, की पुढे सरकावे. सगळे आत गेल्यावरही काही मिनिटे बोट तसेच ठेवावे. आत अंडे लागत असेल तर मात्र ते ओढू नये व फोडू नये, कारण फुटक्या कवचाच्या धारेने नलिका चिरते. अशा वेळी पशुवैद्याकडे जाणेच इष्ट. चुना, रॉकेल, तंबाखूचे पाणी असे उपाय सुचविणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु उघड्या अस्तरावर हे जिन्नस लावणे म्हणजे ते जाळून टाकणे होय, आणि त्यांना नकार देण्यात संकोच बाळगू नये.

येथवरचे काम हाताच्या कौशल्याचे आहे आणि ते सावधपणे केल्यास बहुधा साधते. खरी कसोटी यापुढे लागते. आमची दुसरी कोंबडी अशीच सुखरूप आवरली गेली, मागल्या पडवीत पाटीखाली ठेवली गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिने अंडे घातले तेव्हा अंग पुन्हा बाहेर आले. तसे होणे अटळच होते, कारण पुढचे अंडे आत घडत होते. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की या दुखण्यात अंग आत बसविणे हा उपचाराचा आरंभ असून, अंडी थांबविणे हा उपचार होय.

अंडी थांबतात ती अंधाराने. कोंबडीचे अंड्यावर येणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. मोठाल्या पोल्ट्रींतून कृत्रिम दिवे लावून १६ तासांपर्यंत उजेड देतात तो याचसाठी. तोच नियम उलटा फिरवावा. रोजचा उजेड ८ तासांवर किंवा त्याहून खाली आणावा, आणि उरलेला वेळ कोंबडीला हवेशीर पण अंधाऱ्या खोलीत, स्वच्छ कापड अंथरलेल्या पाटीत ठेवावे. अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य बंद करून दाणा बेताचा द्यावा. पाणी मात्र कधीही तोडू नये, आणि उन्हाळ्यात तर ते दिवसातून अनेकदा बदलावे. आधीच मार्गी लागलेली अंडी पहिल्या काही दिवसांत येतीलच, अंग पुन्हा बाहेर येईलही, आणि प्रत्येक वेळी तीच धुण्याची, साखरेची, आवरण्याची क्रिया तितक्याच सबुरीने करावी लागेल. पुष्कळ जण येथे कंटाळतात. साधारण आठवड्याभराने अंडी थांबतात, नलिकेला विसावा मिळतो, आणि स्नायूंना पुन्हा बळ येते. आमची ती दुसरी कोंबडी अशाच रीतीने वाचली.

या काळात सकाळ-संध्याकाळ तिच्या मागच्या भागाची तपासणी जातीने करावी. विशेषतः पावसाळ्यात हिरव्या माशा ओल्या, मळलेल्या पिसांवर अंडी घालतात आणि दिवसभरात तेथे अळ्या पडतात. म्हणून गुदद्वाराभोवतीची पिसे कातरून टाकावी आणि दार-खिडकीला जाळी लावावी. दोन-तीनदा आवरूनही अंग ठरत नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. तेथे बटव्याची नाडी आवळावी तसा गुदद्वाराभोवती टाका घालता येतो, परंतु विष्ठेला वाट राहील इतकी जागा त्यात ठेवावी लागते, आणि म्हणून ते काम घरी करून पाहू नये. प्रतिजैविक औषधही वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये. दिलेच तर त्यानंतर किती दिवस अंडी खावयाची नाहीत हे त्यांनाच विचारून घ्यावे.

बरी झालेली कोंबडी एकदम कळपात सोडू नये. प्रथम जाळीआडून तिची आणि इतरांची नजरभेट होऊ द्यावी व मग एखाद्या संध्याकाळी, सगळ्या माळ्यावर बसल्यावर, तिला आत ठेवावे. अशा कोंबडीला हे दुखणे पुन्हा होण्याचा संभव असतो, आणि ते पिलांतही उतरू नये म्हणून तिची अंडी मी उबवणीस ठेवीत नाही. बाकीच्यांसाठी अंडी घालण्याची पेटी खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असावी, म्हणजे अंडे घालतेवेळी क्षणभर बाहेर येणारे अंग इतरांच्या नजरेस पडणार नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात सदैव ठेवावा. आणि भाताचा उरलेला घास रोजच्या रोज खुराड्यात टाकण्याची सवय सोडावी.

जेथे ऊती काळी पडली आहे, आतडे बाहेर आले आहे, कोंबडी पाणीही घेत नाही, तेथे तिचे प्राण धरून ठेवण्याच्या आग्रहाने तिच्या यातना लांबवू नयेत. पशुवैद्याकडून किंवा जाणत्या हाताकडून तिला तत्काळ सोडवावे. आणि ज्यांच्याकडे आज सर्व कोंबड्या धडधाकट आहेत, त्यांनी एक पाटी, एक मऊ पंचा, मीठ, दळलेली साखर आणि व्हॅसलीनची डबी एका जागी ठेवून द्यावी आणि ती कोठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.